चोर्ला चढणारी आणि पर्वरीत तापणारी गाडी

माझी गाडी २०१४ सालची, बाराशे सीसी पेट्रोल इंजिनाची छोटी हॅचबॅक आहे, आणि मांद्र्याहून चोपडे-शिवोलीचा पूल, म्हापसा, पर्वरी असे करत ती मला रोज पणजीला कचेरीत नेते आणि संध्याकाळी परत आणते. मे महिन्यात एका दुपारी, पर्वरीत उड्डाणपुलाच्या कामामुळे वाहने मुंगीच्या पावलांनी सरकत असताना, आधी एसीची हवा कोमट झाली आणि पाठोपाठ तापमानाचा काटा हलला. हा काटा इतक्या वर्षांत मी मधल्या रेषेच्या जरा खाली, एकाच जागी बसलेला पाहिला होता. त्यामुळे तो वर सरकताना पाहून पोटात गोळाच आला.

अशा वेळी काय करायचे ते मला ऐकून माहीत होते, करायची वेळ मात्र पहिलीच होती. एसी बंद केला, काचा उघडल्या आणि हीटर पूर्ण गरमवर ठेवून त्याचा ब्लोअर शेवटच्या आकड्यावर नेला. मे महिन्याच्या दुपारी गोव्यात हीटर लावणे हा वेडेपणा वाटेल, पण हीटरच्या आतली जाळी हा एक छोटा रेडिएटरच असतो आणि इंजिनाची उष्णता तिथून गाडीत, म्हणजे आपल्या अंगावर, काढून घेता येते. घामाने निथळत दोन-तीन मिनिटे सरकल्यावर काटा थोडा उतरला. पुढे जागा मिळताच गाडी बाजूला घेऊन इंजिन बंद केले आणि बोनेट उघडले.

एक मोटारसायकल पायलट, म्हणजे दुचाकीवरून भाड्याने प्रवासी नेणारा, थांबला. ‘‘पात्रांव, उदक हाडूं?’’ (साहेब, पाणी आणू?) म्हणून त्याने विचारले आणि माझ्या उत्तराची वाट न पाहता रेडिएटरच्या झाकणाकडे हातही नेला. मी त्याला जवळजवळ ओढूनच मागे घेतले. त्या झाकणात स्प्रिंगची झडप असते, आणि माझ्या गाडीच्या झाकणावर तिचा दाब ०.९ बार असा छापलेला आहे. बंद यंत्रणेत एवढा दाब असल्यामुळे आतले पाणी शंभर अंशांच्या वर जाऊनही उकळत नाही. झाकण फिरवले की दाब एकदम सुटतो, त्या पाण्याची क्षणात वाफ होते आणि ती थेट तोंडावर येते. पायलटने भलेपणानेच हात पुढे केला होता, म्हणून त्याला हे समजावून सांगितले आणि त्याने दिलेले पाणी मी स्वतः प्यालो.

पाऊण तास तिथेच उभा होतो, आणि करण्यासारखे दुसरे काही नसल्यामुळे कूलंटच्या, म्हणजे इंजिन थंड ठेवणाऱ्या पाण्याच्या, जादा टाकीकडे पाहत राहिलो. सुरुवातीला पातळी वरच्या खुणेच्याही वर आलेली होती. इंजिन निवत गेले तशी ती खाली उतरली आणि शेवटी दोन खुणांच्या मध्ये, नेहमीच्या जागी, येऊन थांबली. तापल्यावर फुगलेले कूलंट झाकणाच्या झडपेतून टाकीत आले आणि थंड झाल्यावर तेवढेच परत आत ओढले गेले, असा याचा अर्थ होता. म्हणजे झाकण आपले काम करत होते, कूलंट कुठे गळून गेले नव्हते. ही गोष्ट मी तेव्हा पाहिली, पण तिची किंमत मला कळली नाही. मी पणजीत हिशेब तपासण्याचे काम करतो. डोळ्यांसमोरची पावती न वाचता बाजूला ठेवणाऱ्या कारकुनाला मी स्वतः बोल लावला असता.

दुसऱ्या दिवशी गाडी एका गॅरेजमध्ये नेली. तिथल्या माणसाने बोनेट उघडण्याआधीच ‘थर्मोस्टॅट’ (इंजिन तापले की पाण्याला रेडिएटरची वाट मोकळी करणारी झडप) म्हणून निदान केले, नवा थर्मोस्टॅट घातला, कूलंट बदलले आणि २,८०० रुपये घेतले. मी जुना थर्मोस्टॅट मागून घेतला, तेवढे एक शहाणपण सुचले. तीन दिवसांनी, पुन्हा पर्वरीतच, पुन्हा एसी चालू असताना, काटा पुन्हा वर गेला. त्याच गॅरेजात परत गेलो, तर या वेळी निदान बदलले होते: हेड गॅस्केट (इंजिनाचा वरचा भाग, म्हणजे हेड, आणि खालचा भाग यांच्यामधले सील) गेले असणार, हेड उतरवून घासून घ्यावे लागेल, वीस हजारांच्या आसपास खर्च धरा. कशावरून, असे विचारले तेव्हा ‘‘अशी लक्षणे हेडचीच असतात’’ एवढेच उत्तर मिळाले. कोणतीही चाचणी झाली नव्हती. मी गाडी घेऊन घरी आलो.

त्या रात्री जुना थर्मोस्टॅट तपासला. पत्नी शाळेत विज्ञान शिकवते. तिने प्रयोगशाळेतला तापमापक आणला, पण पातेले मात्र स्वयंपाकाचे देणार नाही असे बजावले, म्हणून घरच्या गॅरेजमधल्या डब्यात पाणी तापवावे लागले. थर्मोस्टॅट दोऱ्याने असा टांगला की तो तळाला टेकू नये, कारण तळाच्या पत्र्याचे तापमान पाण्यापेक्षा जास्त असते आणि निकाल चुकतो. या पितळी डबीच्या पोटात मेण भरलेले असते. ते वितळताना फुगते आणि दांडा ढकलून झडप उघडते. यात वीज नाही की तार नाही. डबीवर ८२ हा आकडा उमटवलेला होता. पाणी ८१ अंशांवर असेपर्यंत झडप घट्ट मिटलेली होती, ८३ वर फट दिसली आणि ९५ च्या सुमारास ती पूर्ण उघडली. पाणी निवल्यावर परत मिटली. म्हणजे २,८०० रुपये देऊन मी एक धडधाकट भाग काढून टाकला होता. त्या निदानावरचा माझा विश्वास तिथेच उडाला, आणि त्याच माणसाने सांगितलेल्या हेड गॅस्केटलाही आता पुरावा मागायचा असे ठरवले.

सर्वांत आधी डॅशबोर्डवरच्या काट्याला साक्षीदार मानणे सोडले. गाडीच्या निदान-सॉकेटमध्ये लावायचे ब्लूटूथ अडॅप्टर ७०० रुपयांना मिळाले; ते मोबाइलवर इंजिनाच्या सेन्सरचे तापमान थेट अंशांत दाखवते आणि त्याचा आलेखही साठवून ठेवते. पहिल्याच सकाळी जे दिसले त्याने मी चकित झालो. ७८ अंशांपासून १०३ अंशांपर्यंत तो काटा जागचा हललाच नाही. चालकांनी उगाच घाबरू नये म्हणून कंपन्या काट्याला मुद्दाम असे बसवून ठेवतात, पण त्यामुळे काटा हलतो तेव्हा बातमी शिळी झालेली असते. पर्वरीत मला जो ‘एकाएकी’ आलेला ताप वाटला होता तो कदाचित कितीतरी दिवस, काट्याच्या आड, रोजच येत होता.

मग हेड गॅस्केटच्या चाचण्या, ज्या घरच्या अंगणातही करता येतात. रात्रभर थंड पडलेले इंजिन सकाळी सुरू करून रेडिएटरचा वरचा होज (रबरी नळी) हाताने दाबून पाहायचा: गॅस्केट फुटून सिलिंडरमधला वायू कूलंटमध्ये शिरत असेल, तर पाणी तापायच्या आधीच, मिनिटभरात, होज दगडासारखा टणक होतो. माझा होज मऊच राहिला. झाकण थंड असतानाच काढून इंजिन चालू केले आणि कूलंटमध्ये बुडबुड्यांची सततची रांग येते का ते पाहिले. सुरुवातीचे चार बुडबुडे सोडले तर काही नव्हते. ऑइलची कांडी काढून पाहिली, ऑइल काळे पण स्वच्छ, चहात दूध पडल्यासारखा रंग कुठेही नाही. सायलेन्सरमधून गोडसर वासाचा पांढरा धूर नाही. यातली एकेकटी चाचणी निर्णायक नसते हे मला मान्य आहे, पण चारही साक्षीदार एकच सांगत असतील तर वीस हजारांचा खर्च थांबवायला तेवढे पुरे.

त्याच सकाळी नव्या थर्मोस्टॅटचीही परीक्षा झाली. स्क्रीनवर आकडा चढत असताना वरचा होज थंडच होता, आणि ८४-८५ च्या आसपास तो हाताला एकदम गरम लागू लागला. झडप उघडली, पाणी रेडिएटरकडे निघाले, म्हणजे पंपही ढकलत होता. पंपाच्या बुडाशी एक बारीक छिद्र असते. आतले सील झिजले की तिथून कूलंट पाझरून वाळल्याचा रंगीत ओघळ दिसतो. बॅटरीच्या उजेडात वाकून पाहिले, ते कोरडे होते.

आता राहिला रेडिएटर. तो आतून तुंबला असेल तर इंजिनावर भार पडताच कळायला हवे, म्हणून येत्या रविवारी घाट चढून पाहायचे ठरवले. माझी थोरली बहीण सत्तरीतल्या केरीला असते (पेडण्यातले केरी वेगळे, आमच्याकडे नुसते ‘केरी’ म्हटले की पुढे तालुका सांगावाच लागतो), आणि तिथूनच चोर्ला घाट सुरू होतो. पहाटे निघून साखळीमार्गे सात वाजता घाटाला लागलो. हवा थंड होती, म्हणून एसी लावला नाही. बराचसा चढ दुसऱ्या गिअरवर, इंजिन चांगले ओढत होते, आणि संपूर्ण घाटात तापमान ९३ च्या वर गेले नाही. पेट्रोलमधल्या उष्णतेपैकी ढोबळ मानाने एक तृतीयांश चाके फिरवायला लागते, एक तृतीयांश सायलेन्सरवाटे जाते आणि उरलेली कूलंटला वाहून न्यावी लागते. घाट चढताना ही उष्णता संथ रहदारीतल्यापेक्षा कैक पटींनी जास्त असते. जी यंत्रणा एवढी उष्णता बाहेर टाकते, तिला पर्वरीतली रखडपट्टी का जमत नाही?

इथे मी थांबलो असतो तर बरोबर दिशेला लागलो असतो. पण बहिणीकडे जेवून पुन्हा एकदा घाट चढावा असे डोक्यात आले. ‘‘अरे, सकाळी एकदा चढलास ना? तुला कामधंदा नाही का?’’ असे ती म्हणाली, तिचेही बरोबर होते. दुपारी एक वाजता, एसी चालू ठेवून, तोच रस्ता, तोच गिअर. या वेळी आकडा ९६, ९८ करत १०२ पर्यंत गेला. वळणावर वेग कमी झाला की वाढे, सरळ पट्ट्यात वेग घेतला की एखाद-दुसरा अंश उतरे. माझ्या सकाळच्या निष्कर्षाचा पार चुराडा झाला. उष्ण हवेत आणि जास्त भाराखाली रेडिएटर कमी पडतो, हेच तर तुंबलेल्या रेडिएटरचे लक्षण! सोमवारी मी नव्या रेडिएटरची किंमत विचारूनही ठेवली.

रेडिएटरची मागणी नोंदवण्यापूर्वी धारगळजवळच्या एका वयस्क मेस्त्रींकडे गेलो. ते पूर्वी डिचोली भागात खनिजवाहू टिप्पर दुरुस्त करत. २०१२ साली खाणी बंद पडल्या आणि ते घरापाशी शेड घालून छोट्या गाड्यांकडे वळले. आमचे बोलणे अर्थात कोकणीतच झाले. मी नोंदींची वही पुढे केली, मोबाइलवरचे आलेख दाखवले. त्यांनी चष्मा लावून सगळे नीट वाचले आणि मग म्हणाले की, पहिल्यांदा गळती आणि गॅस्केट ही दोन नावे यादीतून कायमची खोडून टाकू, म्हणजे डोके मोकळे राहील.

थंड रेडिएटरच्या तोंडावर त्यांनी हातपंपाचा प्रेशर टेस्टर बसवला आणि दाब ०.९ बारपर्यंत चढवला. आम्ही चहा घेऊन आलो तोवर वीस मिनिटे झाली होती, आणि काटा केसभरही खाली आला नव्हता. मग इंजिन गरम करून रेडिएटरच्या तोंडावर एक काचेची नळी धरली. तिच्यात निळा द्रव होता, आणि रबरी फुग्याने कूलंटच्या वरची हवा त्यातून ओढायची होती. त्या हवेत जळालेल्या वायूचा अंश असेल तर द्रव पिवळा पडतो. आमचा निळाच राहिला. हेडचे प्रकरण तिथे मिटले.

माझ्याकडे लांबून तापमान मोजणारी इन्फ्रारेड बंदूकही होती, आणि तिने मी घरी रेडिएटरचे आकडे घेतले होते, जे मलाच विचित्र वाटले होते. मेस्त्रींनी त्यातली चूक लगेच दाखवली: चकचकीत ॲल्युमिनियम त्या बंदुकीला फसवते. त्यांनी रेडिएटरच्या वरच्या आणि खालच्या टोकाला आणि मध्ये तीन-चार ठिकाणी काळ्या इन्सुलेशन टेपचे तुकडे चिकटवले आणि त्या टेपवर नेम धरायला सांगितले. एसी चालू, गाडी उभी, मोबाइलवर १०१. वर ९८, खाली ९३, आणि मधले सगळे तुकडे त्या दोन्हींच्या दरम्यान, क्रमाने. कुठेही थंड पट्टा नाही. नळ्या तुंबल्या असत्या, तर पाणी न पोहोचणारा भाग हटकून गार लागला असता. इथे पाणी सगळीकडे पोहोचत होते, पण आत आले तितकेच गरम, जेमतेम पाच अंश सोडून, परत इंजिनात चालले होते. रेडिएटर उष्णता घेऊन उभा होता आणि ती न्यायला कोणी येत नव्हते.

‘‘म्हणजे हवा,’’ मी म्हणालो. ‘‘पण पंखा तर फिरतो. मी पाहिलाय. गॅरेजवाल्यानेही पाहिला.’’

‘‘फिरतो ते दिसतेच आहे,’’ मेस्त्री म्हणाले. ‘‘वारें खंय वता?’’

वारा कुठे जातो, हा प्रश्न मला तोवर कोणी विचारला नव्हता, आणि मीही स्वतःला विचारला नव्हता. रेडिएटरच्या मागे, इंजिनाच्या बाजूला बसवलेल्या पंख्याने पुढची ताजी हवा जाळीतून ओढून इंजिनाकडे फेकायची असते. मेस्त्रींनी कालच्या वर्तमानपत्राचे एक पान घेतले, गाडीच्या पुढे गेले आणि ते ग्रिलसमोर धरून सोडले. पान ग्रिलला चिकटायला हवे होते. ते उडून त्यांच्या छातीवर आले. त्यांनी मला तिथे उभे केले. पायांना भट्टीसमोर उभे राहिल्यासारखी झळ लागत होती. इंजिनाच्या खोलीतली तापलेली हवा पंखा उलटी ओढून रेडिएटरमधून आणि एसीच्या कंडेन्सरमधून (एसीचा गॅस गार करणाऱ्या जाळीतून) पुढे, रस्त्यावर, फेकत होता.

पंख्याची मोटर डीसी असते, तिच्या दोन तारा उलट जोडल्या की ती तितक्याच उत्साहाने उलटी फिरते. आवाज तोच, गरगरणे तेच. पात्यांचा बाक सुलट दिशेसाठी असल्यामुळे उलट्या दिशेला वारा कमी लागतो, एवढाच काय तो फरक. मेस्त्री हसून म्हणाले की टिप्परच्या पंख्यात हा घोटाळा होऊच शकत नाही. तो बेल्टवर चालतो, आणि पंखा चुकून उलटा बसवला तरी वारा कमी देईल, पण देईल त्याच बाजूला. मला आधी ते पटेना, मग त्यांच्या बाकावरचा एक जुना पंखा हातात उलटसुलट करून पाहिला तेव्हा पटले. पात्याचा पीळ पालथा केला तरी पीळच राहतो.

तारा उलट जोडल्या कोणी, याचे उत्तर माझ्याच वहीत असायला हवे होते आणि ते नव्हते. आमचे घर समुद्रापासून फार लांब नाही. खाऱ्या वाऱ्याने तांब्याच्या पिना हिरव्या पडतात, हे इथल्या प्रत्येक गाडीवाल्याला माहीत असते. फेब्रुवारीत पंखा मध्येच बंद पडू लागला होता, तेव्हा एका इलेक्ट्रिशियनने तो कुजलेला कनेक्टर कापून टाकला आणि तारा पिळून टेपने जोडून दिल्या. दोन्ही तारांचे रंग उडून त्या सारख्याच मळकट झालेल्या होत्या. काम झाल्यावर पंखा फिरला, आम्ही दोघांनी तो फिरताना पाहिला आणि मी पैसे दिले. गाडी तापू लागल्यावर पहिल्या गॅरेजात गेलो, तेव्हा ‘या आधी पंख्याचे काम झाले आहे’ हे मी सांगितलेच नाही. थर्मोस्टॅट विनाकारण बदलणाऱ्याचा मला राग आहे, पण त्याला अर्धीच हकीकत सांगणारा मीच होतो.

यानंतर विस्कटलेल्या नोंदी एकेक करून आपापल्या जागी बसू लागल्या. मोकळ्या रस्त्यावर गाडीच्या वेगानेच भरपूर वारा लागतो आणि पंख्याची गरज पडत नाही. पहाटेच्या घाटात तापमान ९३ वर राहिले, म्हणून पंखा लागलाच नाही आणि त्याचे उलटेपण उघड झाले नाही. दुपारी मात्र एसी चालू होता, आणि एसीबरोबर पंखाही फिरतोच, इंजिनाचे तापमान काहीही असो. तेव्हा पंचवीस-तीसच्या वेगाने समोरून येणारा वारा आणि आतून बाहेर लोटणारा पंखा एकमेकांशी झुंजत होते. वळणावर वेग कमी झाला की पंखा जिंके, सरळ रस्त्यावर वारा. ज्या आकड्यांवरून मी रेडिएटर दोषी ठरवला होता, तेच आकडे पंख्याविरुद्धची सर्वांत भक्कम साक्ष होते.

एसीचेही तसेच. मार्चमध्ये सिग्नलला गाडी थांबली की एसी गार करीना, म्हणून मी १,६०० रुपये देऊन गॅस भरून घेतला होता आणि फरक पडला नव्हता. कंडेन्सर रेडिएटरच्या पुढे असतो. उलट्या पंख्यामुळे त्याच्यावर इंजिनाची आणि रेडिएटरची मिळून उष्णता येत होती, तो गॅस तरी काय गार करणार? पर्वरीत काटा हलण्याआधी एसी कोमट झाला होता तो यामुळे, आणि त्याशिवाय इंजिन फार तापले की बरेच कंट्रोल युनिट एसीचा कॉम्प्रेसर स्वतःच बंद करतात.

मोबाइलमधले जुने आलेख मी पुन्हा उघडले. उभ्या गाडीत, एसी बंद असताना, ९७ अंशांवर पंखा सुरू झाल्याचा आवाज मी ऐकला होता आणि वहीत ‘पंखा ९७ ला चालू, ठीक’ असे लिहिलेही होते. त्यानंतर आलेख खाली यायला हवा होता. तो वर जात राहिला होता, आणि मी त्या ‘ठीक’पुढे काहीही लिहिले नव्हते.

दुरुस्तीला अर्धा तास लागला. मेस्त्रींनी टेप सोडवली, पंख्याच्या दोन्ही तारा सोडवून बॅटरीवर थेट लावून पाहिल्या आणि कोणती तार धन टोकाला लावली की पान ग्रिलला चिकटते ते नक्की केले. हिरवा पडलेला तारेचा भाग चकचकीत तांबे दिसेपर्यंत कापला. नवा कनेक्टर सोल्डर करून वर आकसणारी नळी चढवली आणि पिनांना ग्रीस लावले. धन तारेवर त्यांनी लाल रंगाचा ठिपका दिला. गॅरेजवाल्याने कूलंटमध्ये नळाचे पाणी मिसळले होते की काय याची खात्री नव्हती, म्हणून तेही काढून डिस्टिल्ड पाण्याबरोबरचे ताजे मिश्रण भरले; विहिरीचे पाणी घातले तर चालेल का, असे मी विचारल्यावर त्यांनी शेडच्या कोपऱ्यातला, आतून तांबूस गंजाने भरलेला एक जुना रेडिएटर दाखवला आणि पुढे काही बोलले नाहीत. भरल्यावर हीटर उघडा ठेवून, गाडीचे नाक चढावर करून, बुडबुडे येणे थांबेपर्यंत आतली हवा काढली. कूलंट सोडून त्यांनी माझ्याकडून ४०० रुपये घेतले, जास्त द्यायला गेलो तर घेतले नाहीत.

दुसऱ्या दिवशी मी मुद्दाम दुपारी निघालो आणि पर्वरीच्या कोंडीत, जिथे शहाणा माणूस जाणे टाळतो, तिथे एसी बंद करून अर्धा तास सरकत राहिलो. आकडा ९७ वर गेला, पंखा लागला, दीड मिनिटात ९२ वर आला, पंखा थांबला, आणि परत चढू लागला. घरी येऊन आलेख पाहिला तर करवतीच्या दातांसारखी सारखी रांग उमटली होती. एसी लावून पाहिला तेव्हा तो ९४ च्या आसपास स्थिर राहिला, आणि सिग्नललाही हवा गार होती.

एवढ्या वेळा तापून रेडिएटरचा वरचा होज क्लिपेपाशी थोडा फुगला आहे, तो पावसाळ्याआधी बदलायचा आहे. मेस्त्रींनी मापाचा होज म्हाप्शाहून मागवला आहे आणि शनिवारी सकाळी इंजिन थंड असतानाच गाडी आणायला सांगितली आहे.